ओटमील स्टाउट: रेसिपी बसवतानाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. लीड्स

घरच्या बिअरची थंडीची बॅच लावायची तर रेसिपी याच महिन्यात पक्की व्हायला हवी. यंदा ओटमील स्टाउट, म्हणजे ओट्स घातलेली काळी, भाजक्या चवीची बिअर. बिटर झाली, पेल एल झाली, पोर्टरही हाताखालून गेली. ओट्स मात्र आजवर फक्त सकाळच्या वाडग्यात.

नमुना म्हणून सॅम्युअल स्मिथची बाटली आणली. टॅडकॅस्टर इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, ब्रुअरी १७५८ ची. ओटमील स्टाउट हा प्रकार इंग्लंडात जवळजवळ संपला होता. १९८० मध्ये चार्ल्स फिंकेल नावाच्या अमेरिकन आयातदाराने मागणी केली म्हणून यांनी तो पुन्हा काढला. आज जगभर या नावाने जे बनतं त्यातलं बरंचसं या बाटलीकडे बघूनच बनलंय. म्हणजे माझा नमुना तसा दूरचा नाही, बसने जाता येईल असा आहे.

चव लिहून ठेवते: ५ टक्के. उजेडात धरली तर कडेला लालसर, मध्ये काळी. पहिला घोट गोड वाटत नाही, पण जिभेवर पाण्यासारखा पळतही नाही. भाजका कडवटपणा शेवटी येतो आणि लगेच जातो. गिनेसमध्ये तो मागे रेंगाळतो, हिच्यात नाही. मला हेच हवंय: गोड नव्हे, मऊ.

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत या प्रकाराला सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) १.०४५ ते १.०६५, शेवटची १.०१० ते १.०१८, कडवटपणा २५ ते ४० आयबीयू, अल्कोहोल ४.२ ते ५.९ टक्के दिलंय. मी मधली जागा धरते: १.०५६ आणि ३० आयबीयू.

एक शंका आत्ताच नोंदवून ठेवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनच्या ब्रुअरींच्या वह्यांमध्ये, उदाहरणार्थ बार्कले पर्किन्सच्या, ओटमील स्टाउटमधले ओट्स अर्धा टक्का वगैरे निघतात. अर्धा टक्का! ओट्स पौष्टिक असा लोकांचा समज, म्हणून लेबलावर नाव. मग हा मऊपणा खरंच ओट्सचा, की दुसऱ्याच कशाचा?

१२ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस ओट्सचा.

दुकानात तीन प्रकार मिळतात. पिनहेड, म्हणजे दाणा नुसता कापलेला. तो आधी शिजवून घ्यावा लागतो, नाहीतर मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवताना, स्टार्च सुटत नाही. रोल्ड ओट्स वाफवून चपटे केलेले असतात, ते थेट मॅशमध्ये जातात. इन्स्टंटही जातात, पण त्यांचा चुरा होतो. मी साधे जम्बो रोल्ड ओट्स घेतले. घटकांच्या यादीत ओट्सशिवाय काही नसलं की झालं.

तीन थर्मासमध्ये छोटे मॅश लावले: १०, २० आणि ३० टक्के ओट्स, बाकी मॅरिस ऑटर, म्हणजे साधं इंग्लिश माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली). तासाभराने बारीक गाळणीतून ओतले. १० टक्क्यांचा सरळ खाली आला. २० चा थबकत थबकत. ३० चा गाळणीत बसूनच राहिला. चमच्याने दाबल्यावर बुळबुळीत, ढगाळ रस आला. हा बीटा-ग्लुकन या चिकट तंतूचा प्रताप. ओट्समध्ये तो भरपूर, आणि ओट्सला स्वतःचं टरफल उरलेलं नसल्याने गाळायला आधारही नाही. शिवाय ओट्समध्ये बाकी धान्यांपेक्षा तेल जास्त, ते फेसाच्या मुळावर येऊ शकतं.

तिन्ही रस गार करून प्यायले. ३० टक्क्यांचा नक्कीच दाट, पण आवडला असं म्हणवत नाही. १० आणि २० मध्ये डोळे मिटून फरक सांगता येईना. तेव्हा १० टक्के.

दुपारी त्याच ओट्सचा एक वाटा ओव्हनमध्ये भाजला. ट्रेमध्ये पातळ थर, १५० अंश, मधून मधून उलटत अर्धा तास. वीस मिनिटांपर्यंत काहीच होत नाही, मग एकाएकी स्वयंपाकघरभर थालीपिठाच्या भाजणीचा वास. तिथेच थांबायचं, रंग जेमतेम बदललेला असतो, कडा तेवढ्या सोनेरी. दोन बोटांत चुरगळले तर कच्चे ओट्स वाकतात, हे कटकन मोडतात. कागदी पिशवीत घालून ठेवलेत. ताज्या भाजलेल्या धान्याला एक तिखट वास असतो, तो आठवडाभर मोकळं ठेवलं की उडतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काळ्या धान्यांची चाचणी. भाजलेलं बार्ली, चॉकलेट माल्ट, पेल चॉकलेट आणि ब्लॅक माल्ट. प्रत्येकी वीस ग्रॅम भरडून रात्रभर गार पाण्यात भिजवलं आणि सकाळी कॉफीच्या कागदातून गाळलं. चार कप ओळीने.

ब्लॅक माल्ट: रंग जबरदस्त, चव राखेची. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पोर्टर-स्टाउटवाल्यांना थोडक्या दाण्यात काळा रंग मिळाला. पण मला रंगाची चणचण नाही. बाद.

भाजलेलं बार्ली: कोरी कॉफी, आंबटसर धार. गिनेसची ओळख हीच. पूर्ण काढलं तर स्टाउट वाटणार नाही, पूर्ण यावर टाकलं तर मऊपणा गेला.

चॉकलेट: नावाप्रमाणे नाही, करपलेल्या टोस्टच्या अलीकडचं काहीतरी. पेल चॉकलेट मात्र या चौघांत सगळ्यात गुणी. खरपूस, सुक्यामेव्यासारखं, आणि बोचत नाही.

मग कपाकपांत मिसळत बसले. शेवटी हे प्रमाण बरं वाटलं: बार्ली २००, चॉकलेट १५०, पेल चॉकलेट १२०. नवऱ्याला चाखायला दिलं तर म्हणाला, "कॉफी म्हणून चालेल, पण साखर कुठाय?" साखरेचं काम क्रिस्टल माल्ट करेल, १५० ईबीसीचं (ईबीसी हे रंगाचं माप), ३०० ग्रॅम.

२३ ऑक्टोबर, बुधवार

पाणी. स्टाउटच्या रेसिपीत लोक धान्यावर पानंच्या पानं लिहितात आणि पाण्यावर एक ओळ. माझ्या मते उलटं हवं.

काळं धान्य आम्लधर्मी. साध्या माल्टचा मॅश शुद्ध पाण्यात पीएच ५.७ च्या आसपास बसतो. भाजलेली धान्यं त्याला खाली ओढतात. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते हा ओढा सावरून धरतं. लंडन आणि डब्लिनमध्ये काळ्या बिअर का फोफावल्या, याचं निम्मं उत्तर तिथल्या अल्कलाइन पाण्यात आहे. पाणी मृदू असेल तर पीएच ५.२ च्या खाली घसरतो आणि तीच बार्ली जिभेला टोचायला लागते. आपण मग रेसिपीतलं काळं धान्य कमी करत बसतो, आणि दुखणं भलतीकडेच असतं.

आमच्या नळाचं पाणी मृदू. मत्स्यालयवाल्यांच्या थेंबांच्या किटने अल्कलिनिटी (आम्ल पेलायची पाण्याची ताकद) मोजली तर ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. हिशेब मांडला: मॅशच्या १५ लिटर पाण्यात ३ ग्रॅम खायचा सोडा घातला तर अल्कलिनिटी आणखी १२० च्या आसपास वाढते. सोडियम ५५ मिलिग्रॅमने वाढेल, ते स्टाउटला चालतं, उलट थोडं भरीव वाटतं. खडू घालायचा सल्ला जुन्या पुस्तकांत असतो, पण तो पाण्यात नीट विरघळतच नाही, तळाशी बसतो.

कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम, पण मॅशमध्ये नाही, उकळताना. मॅशमध्ये टाकलं तर कॅल्शियम पीएच पुन्हा खाली आणेल, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढायचं. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) अजिबात नाही. सल्फेटने कडवटपणाला धार येते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला कॅम्डनची अर्धी गोळी सगळ्या पाण्याला.

२७ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली. साडेचारलाच अंधारून आलं. स्टाउटचं हवामान.

यीस्ट ठरेना. दोन नावं समोर: सॅफेल एस-०४ आणि लालमाँचं लंडन. दोन्ही इंग्लिश, दोन्ही सुकी. खरा फरक एकच. वर्टमधल्या, म्हणजे मॅश गाळून निघालेल्या गोड रसातल्या, साखरांपैकी १० ते १५ टक्के माल्टोट्रायोज असते. एस-०४ ती खाते, लंडन खात नाही. म्हणून लंडन लवकर हात आखडते आणि बिअरमध्ये अंग शिल्लक राहतं. माल्टोट्रायोज फारशी गोड लागत नाही, हे इथे महत्त्वाचं.

एकच वर्ट, दोन फर्मेंटर (आंबवायची भांडी), दहा-दहा लिटर. सुरुवातीच्या शंकेचा अर्धा निकाल तिथेच लागेल.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. आज काहीच लावायचं नाही. चकलीच्या तेलाचा वास आणि वर्ट एका घरात नको.

पुण्याहून धाकट्या दिराचा फोन. "वहिनी, रेसिपी पाठवा की. इथे ओट्स मिळतात, कुकर आहे." त्याला म्हटलं, भाऊजी, कुकर ठेवा बाजूला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरात बिअर लावणं गुन्हा. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, तिथे जाऊन स्टाउट मागा. इथे ब्रिटनमध्येसुद्धा १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. आता हवी तेवढी करा, फक्त विकायची नाही. तो म्हणाला, मग निदान वाचायला तरी पाठवा. म्हणून या नोंदी जरा सविस्तर लिहितेय.

९ नोव्हेंबर, शनिवार. बॅच लावली

२० लिटरसाठी: मॅरिस ऑटर ४ किलो, भाजलेले रोल्ड ओट्स ५५० ग्रॅम, क्रिस्टल ३००, भाजलेलं बार्ली २००, चॉकलेट १५०, पेल चॉकलेट १२०. एकूण ५.३२ किलो. रंग हिशेबाने ६५ ईबीसीच्या आसपास. वर ओटची टरफलं २०० ग्रॅम, भिजवून. चव देत नाहीत, गाळायला वाट करून देतात.

सकाळी आठला पाणी तापत ठेवलं. ७६ अंशांचं १५ लिटर पाणी, त्यात धान्य हळूहळू सोडत ढवळत गेले. स्थिरावलं ६८ वर. मुद्दाम वरच्या अंगाला ठेवलंय. ६५ ला यीस्टला खाता येणारी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी होते.

वीस मिनिटांनी चमचाभर रस बशीत गार करून पीएच पाहिला. ५.४३. गरम रसाचा पीएच दोन-तीन दशांशांनी कमी येतो आणि मीटरचं टोकही खराब होतं, तेव्हा बशीचा कंटाळा करायचा नाही.

गाळणं संथ, पण अडलं नाही. पहिला रस पुन्हा वरून ओतत राहिले, गाळ दिसेनासा होईपर्यंत. स्पार्जला, म्हणजे धान्यात उरलेली साखर धुवून काढायला, ७६ अंशांचं पाणी. त्याच्या खाली ओट्सचा चिकटपणा दाटतो. उकळायला २५ लिटर मिळालं.

एक तास उकळ. कडवटपणाला ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (एका वेलीची फुलं), ५.५ टक्के अल्फा (त्यांतलं कडू आम्ल), ५० ग्रॅम, सगळे सुरुवातीलाच. हिशेबाने ३० आयबीयू. शेवटी सुगंधाचे हॉप्स घालायचा मोह होतो, घातले नाहीत. भाजक्या ओट्सचा वास जपायचा तर त्यावर फुलांचा वास कशाला?

गार करून दोन्ही फर्मेंटरमध्ये वाटून घातलं. ग्रॅव्हिटी १.०५५. एका पॉइंटसाठी कोण भांडतंय. १९ अंशांवर यीस्ट सोडलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जिन्याखालच्या कपाटात रात्री १६-१७ अंश होतात, म्हणून दोन्हींना हीट बेल्ट लावलाय. लंडनचा दंगा दुसऱ्या दिवशीच झाला, फेस झाकणापर्यंत. आज तो खाली बसलाय. ग्रॅव्हिटी १.०२०. एस-०४ अजून बुडबुडतेय, १.०१८.

२४ नोव्हेंबर, रविवार. बाटल्या भरल्या

एस-०४ थांबली १.०१४ वर, म्हणजे ५.४ टक्के. लंडन १.०१९ वर, ४.७ टक्के. बीजेसीपीच्या वरच्या मर्यादेपेक्षा एक पॉइंट जास्त. त्यांचा परीक्षक माझ्या कपाटापर्यंत येणार नाही. तीन दिवस आकडा हलला नाही याची खात्री करूनच बाटल्या काढल्या. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत कोंडली तर काच फुटते.

साखर लिटरला ४.४ ग्रॅम. स्टाउटला याहून जास्त गॅस नको. बुडबुडे जिभेला टोचले की मऊपणाचं सगळं गणित वाया.

१५ डिसेंबर, रविवार

पहिली चव. बाटल्या १२ अंशांवर आणून उघडल्या. फ्रीजमधून थेट काढली तर फक्त कडू लागते.

दोन ग्लास, एकच वर्ट, आणि जणू दोन वेगळ्या रेसिपी. एस-०४ ची स्वच्छ, कोरडी, चांगलीच. पण पोर्टरच्या वाटेवर गेलेली. लंडनची मात्र तोंडात थांबते. गोडवा नाही, भाजकेपणा मागे रेंगाळत नाही. शेजारचे काका जन्माचे यॉर्कशायरचे, फार बोलत नाहीत. दोन्ही चाखून लंडनचा ग्लास स्वतःकडे ओढून घेतला, तेवढा शेरा पुरे.

काकांच्या घरी मृदू पाण्यातली, सोडा न घातलेली एक जुनी घरगुती स्टाउट होती, तीही शेजारी ठेवली. तिचा पीएच ४.०, माझीचा ४.४. तिच्या ग्लासात सोड्याची चिमटीच्या टोकावर मावेल एवढी पूड टाकली. सगळा फेस उसळून टेबलावर, पण उरलेल्यातली बोच चक्क बसली.

म्हणजे यीस्ट आणि पाणी या दोघांनी काय केलं ते दिसलं. ओट्सचा हिशेब बाकी आहे.

११ जानेवारी २०२५, शनिवार

दोन पातेली, पाच-पाच लिटर. एकात तीच रेसिपी पाव मापाने, दुसऱ्यात ओट्स काढून त्या जागी मॅरिस ऑटर. पाणी, हॉप्स, लंडन यीस्ट, तापमान सगळं एकच. बाहेर अंगणात बर्फ, गार करायला पातेली तिथेच नेऊन ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

ओट्सवाली १.०१८, बिनओट्सची १.०१७. बाटल्या भरल्या. टोपणांवर खुणा केल्यात, कुठली कुठली ते फक्त नवऱ्याला माहीत.

१ मार्च, शनिवार

त्रिकोणी चाचणी. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. बसलो पाच जण. दोघांनाच ओळखता आला. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तिनातलं एक बरोबर येतंच, तेव्हा पाचात दोन म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. ज्या दोघांना जमलं, त्यांनीही मऊपणावरून नाही तर वासावरून ओळखलं: "याच्यात बिस्किट आहे." फेसात मला काही फरक दिसला नाही.

तेव्हा १० टक्के ओट्स घातले म्हणून माझी स्टाउट मऊ झाली, असं म्हणायला मला काही आधार सापडत नाही. मऊपणा आला ६८ च्या मॅशने, माल्टोट्रायोज सोडून देणाऱ्या यीस्टने, सावरलेल्या पीएचने आणि पेल चॉकलेटने. ओट्सने दिला तो भाजका वास, आणि तोही ओव्हनच्या कृपेने. कच्चे ओट्स घातले असते तर कदाचित तोही मिळाला नसता. तरी ओट्स काढणार नाही. वास आवडतो, आणि बार्कले पर्किन्सच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा वीसपट घालूनही जर मी नाव लावायला कचरले, तर कठीणच.

८ मार्च, शनिवार

भाऊजींना शेवटची रेसिपी पाठवली, "फक्त वाचायला" असं वर लिहून. धान्य ९ नोव्हेंबरचंच, दोन बदल सोडून: क्रिस्टल ३०० वरून २५०, कारण दुसरा ग्लास भरताना किंचित गोड वाटू लागतं; आणि ते ५० ग्रॅम पेल चॉकलेटमध्ये, म्हणजे १७०. टरफलं २०० ग्रॅम, मॅश ६८, मॅशला सोडा ३ ग्रॅम, उकळताना कॅल्शियम क्लोराइड ३, गोल्डिंग्ज ५०, यीस्ट लंडन, १९ अंश. काळं धान्य जरा वाढलंय, तेव्हा पीएच ५.४ च्या खाली दिसला तर आणखी अर्धा ग्रॅम सोडा हाताशी ठेवायचा.

ओट्स आजच भाजून ठेवले. बॅच २२ तारखेला.